धाकटीच्या गालावरचे सात डाग

मी एक ट्यूब बोलतेय. बोटभर लांबीची, पांढऱ्या अंगाची, निळ्या टोपणाची. पोटात मलम आहे. उन्हाने आणि वयाने माणसाच्या कातडीवर जे तपकिरी डाग उठतात ते फिके करायचे, एवढं एकच काम मला येतं. ते मी केलं आणि चांगलं केलं. माझं दुःखही तेच आहे. माझ्यासारखीला कोणी काही विचारत नाही. लोक टोपण काढतात, पोट दाबतात, टोपण लावतात. म्हणून आज मीच सांगते.

माझं मलम एका मोठ्या स्टीलच्या पिंपात घोटलं गेलं. आम्ही ट्यूबा जन्मतः डोक्यावर उभ्या असतो, शेपटीकडून उघड्या. वरून नळी येते, पोट भरते आणि पुढे गेलं की गरम चिमटा शेपटी चेपून टाकतो. रांगेच्या टोकाला तोंडाला फडकं बांधलेली एक बाई बसायची. ती दर शंभरावी ट्यूब उचलून वजन करायची. मी नव्याण्णवावी होते. तिचा हात माझ्यावरून गेला आणि पुढचीला त्याने उचललं. तेवढाच माझ्या जन्माचा सोहळा.

औषधाच्या दुकानात मला खालून दुसरी फळी मिळाली. एका बाजूला खोकल्याचं औषध, दुसऱ्या बाजूला पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्ट्या. खोकल्याचं औषध लोक मोठ्याने मागायचे. कुरुपालाही कोणी लाजायचं नाही. मला मागताना मात्र आधी मागे वळून बघायचे, मग काउंटरवर वाकायचे. "माझ्यासाठी नाही हो, मावशीसाठी हवंय," म्हणणाऱ्या बाईच्या स्वतःच्याच हातावर ठिपके असायचे. एका गृहस्थांनी माझ्या बहिणीला दाढीच्या साबणाच्या दोन वड्यांमध्ये लपवून नेलं. माणसं आजाराला एवढी लाजत नाहीत, वयाला लाजतात, हे मी त्या फळीवर शिकले.

ती आली तेव्हा कुजबुजली नाही. अंगावर पोस्टाचा गणवेश, खांद्यावर रिकामी पिशवी. तिने डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर सरळ उघडून ठेवली.

"काय हो टपालबाई," दुकानदार म्हणाला, "आज माझं पत्र नाही, उलट तुम्हीच चिठ्ठी घेऊन आलात?" मग वाचून हसला. "अरे वा! तीस वर्षं उन्हात फिरलात, आता कुठे रूप आठवलं?"

"रूप नाही, काम आहे. किती दिवस लागतील?"

"बारा आठवडे धरा."

"आठात नाही होणार?"

"मलम आहे हो, तार नाही."

तो पुन्हा हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याने माझ्यावरची धूळ आपल्या बाहीने पुसली आणि मला गुपचूप कागदी पिशवीत घातलं.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि एक अरुंद जिना. आतल्या खोलीत तिची आई, एक्याऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर. तिला एका डोळ्याने फारसं दिसत नव्हतं, दुसऱ्याने जवळचं चांगलं दिसायचं.

घरात माझ्या मालकिणीला धाकटी म्हणत. छप्पन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. थोरली तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. दोघी जुळ्या, इतक्या सारख्या की शाळेत एकीची शिक्षा दुसरी भोगून यायची आणि मग घरी दोघी मिळून रडायच्या. पुढे दोघींना वेगळं करायचं काम उन्हाने केलं. थोरली जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत लागली, तळघरात, जिथे खिडकीच नव्हती. धाकटी टपाल वाटू लागली. तिचा रस्ता असा होता की सकाळभर ऊन डाव्या गालावर. तीस वर्षांत थोरलीचा चेहरा होता तसाच राहिला आणि धाकटीच्या गालावर सात डाग उठले. डोळ्याखाली एक मोठा, घेवड्याच्या बीसारखा. गालाच्या हाडावर ओळीने तीन. कानाजवळ दोन. जबड्यावर एक.

आई ते डाग बोटाने मोजायची. "नातवंडं काही दोघींनी दिली नाहीत मला," ती म्हणायची, "मग यांनाच मोजते. सातही जागेवर आहेत बाई, कोणी पळालं नाही."

हे सगळं मला हळूहळू कळलं. धाकटी मला गणवेशाच्या खिशात ठेवायची, कारण न्हाणीघराच्या फळीवर ठेवलं तर कोणी विचारलं असतं. त्या खिशातून मी ऐकायचे.

आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, थोरली तळघरातल्या टेबलावर फायलीवर डोकं टेकून गेली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं, डुलकी लागली असेल, रोज दवाखान्यात जागतेय बिचारी. त्याने पंखासुद्धा तिच्याकडे वळवून दिला.

आईचं हृदय अशक्त होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काही सांगू नका. सगळे म्हणाले, एवढ्यात नको. असं एवढ्यात नको करता करता आई घरी आली आणि सांगायची वेळ निघून गेली. थोरलीची लांबच्या गावी बदली झाली, असं धाकटीने ठोकून दिलं.

"मला न भेटता गेली?" आईने विचारलं.

"एकदम हुकूम आला गं. तू शुद्धीवर नव्हतीस."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून तिचं खाणं तुटलं. दोन चमचे सूप, पावाचा एक तुकडा, की झालं. "थोरली आली की जेवेन पोटभर," एवढंच म्हणायची. दिवसा तिला सांभाळायला एक नर्स यायची, सडेतोड बोलणारी. ती दर शनिवारी आईला वजनकाट्याच्या खुर्चीत बसवायची आणि मग धाकटीला जिन्यात गाठायची.

"अजून दीड किलो उतरलं. बाई, हाडं टोचतात मला उचलताना. तुमच्या बहिणीला एकदा तरी आणा की. कसली ही नोकरी, आईपेक्षा मोठी?"

 दर तीन दिवसांनी धाकटी त्याच जिन्यात खाली उतरून, भिंतीला टेकून, आईला फोन लावायची. थोरलीच्या आवाजात. आवाज सारखाच होता, फक्त चाल वेगळी. धाकटीचं बोलणं पळतं, निम्मं वाक्य पोटात. थोरलीचं सावकाश, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत.

"आई, मी बरी आहे. इथे खूप काम आहे. मला सुट्टी मिळाली की मी येते."

"घसा बसलाय का गं?"

"थोडी सर्दी आहे."

फोन ठेवून ती वर यायची तेव्हा आई तिलाच सांगायची, "थोरलीचा फोन होता. येते म्हणाली." आणि त्या दिवशी चार चमचे जास्त जायचे.

पण नुसत्या आवाजावर किती दिवस माणूस जगेल? एकदा धाकटीने चेहऱ्यावर दाट पावडर थापली, बहिणीसारखा भांग पाडला आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. आईने हात लावला. बोट पांढरं झालं. "काय गं हे, नाटकात काम करतेस का?" आई म्हणाली. "आणि थोरलीसारखा भांग कशाला पाडलास? तिची आठवण येते मग." धाकटीने आरशापुढे जाऊन तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी ती कातडीच्या डॉक्टरकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी मला घरी घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी सातही डाग भिंगाखाली तपासून, हे साधे उन्हाचेच डाग आहेत, अशी खात्री केली होती. मग अटी घातल्या होत्या. मलम फक्त डागावर, वाटाण्याहून कमी. रोज संध्याकाळी तोंड धुऊन. महिन्याला दाखवायला यायचं. आणि ऊन बंद. "ऊन लागलं तर मलमाचं केलेलं काम एका दुपारी पुसलं जाईल," त्या म्हणाल्या होत्या. "तुमचं काम काय?" धाकटी म्हणाली होती, "उन्हातलंच."

तिने साहेबांकडे अर्ज केला आणि आतलं काम मागून घेतलं. तीस वर्षांचा रस्ता एका तरुण मुलीकडे गेला. त्या मुलीला रस्ता दाखवायला ती दोन दिवस बरोबर फिरली, छत्री घेऊन. कुठल्या दारावर जोरात ठोकायचं, कुठल्या दारावर कुत्रा, कुठल्या म्हाताऱ्याला पत्र नसलं तरी एकदा हाक मारून पुढे जायचं, हे सगळं तिने सांगितलं. मी खिशात होते. त्या म्हाताऱ्याच्या दाराशी तिची पावलं थांबली.

"काय हो, माझा कंटाळा आला का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमचा नाही. उन्हाचा."

आता ती टपाल वेगळं करायच्या टेबलाशी उभी राहायची. समोर भिंतभर चौकोनी खण, एकेका खणावर एकेका रस्त्याचं नाव. आपल्या जुन्या रस्त्याच्या खणात पत्र टाकताना ती ते पत्ता वाचून टाकायची नाही, अक्षर ओळखून टाकायची. बरोबरची माणसं चेष्टा करायची. "बघा, बघा, आमच्या बाई सावलीत आल्या. लग्नबिग्न ठरलंय की काय?" ती म्हणायची, "ठरलंय. तुमच्या आजोबांशी." सगळे हसायचे. मला खिशात तिचा हात जाणवायचा, माझ्या अंगावर घट्ट मिटलेला.

संध्याकाळी ती न्हाणीघराची कडी लावायची. आरशापुढे उभी राहून मला दाबायची आणि करंगळीने सात ठिकाणी लावायची. पहिले दहा दिवस मी झोंबले. डागांच्या कडा लाल झाल्या, पापुद्रे सुटले. तिने हूं की चूं केलं नाही. माझं मलम मुरेपर्यंत ती आरशाशी थोरलीसारखं बोलायचा सराव करायची. "आई, मी आले. तू नीट जेवतेस का?" मध्येच स्वतःला थांबवायची. "पळतेय परत. सावकाश."

तिसऱ्या आठवड्यापासून माझं काम दिसू लागलं. आधी जबड्यावरचा गेला. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, ट्यूबेलाही अभिमान वाटतो. आता एक अडचण होती. आई रोज धाकटीला जवळून बघायची. डाग पळाले तर तिला कळणार. म्हणून धाकटीने भुवया कोरायची तपकिरी पेन्सिल आणली. संध्याकाळी मी डाग पुसायचे, सकाळी ती त्याच जागी पेन्सिलीने तो काढायची. मोजून सात. आईच्या बोटापासून ती गाल लांब ठेवायची. हातात नेहमी काहीतरी घेऊनच खोलीत शिरायची, ताट, बादली, धुतलेली चादर.

"हल्ली बसत नाहीस माझ्यापाशी," आई म्हणायची.

"काम असतं गं."

"सगळ्यांनाच कामं. एकीला तिकडे, एकीला इकडे."

अकराव्या आठवड्यात घेवड्याच्या बीएवढा तो शेवटचा डाग गेला. मी निम्मीसुद्धा संपले नव्हते.

त्या रविवारी दाजी आले. दाजी म्हणजे थोरलीचा नवरा, उंच, थोडा पोक आलेला, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी थोरलीचा करडा स्वेटर, तिच्या चपला आणि चष्मा आणला होता. "मला पटत नाही हे," ते जिन्यातच म्हणाले. "पण आईंचं वजन ऐकलं, म्हणून आणलं." धाकटीने आत जाऊन सगळं घातलं, भांग पाडला, बाहेर आली. मी आता स्वेटरच्या खिशात होते.

दाजी बघतच राहिले. मग जिन्याच्या पायरीवर खाली बसले. बऱ्याच वेळाने उठले, जवळ आले आणि म्हणाले, "चष्मा जरा खाली असायचा तिचा." एका बोटाने त्यांनी तो नाकावरून किंचित खाली ओढला. बोट गालाला लागलं तसा हात झटकन मागे घेतला आणि जिना उतरून गेले. नंतर ते त्या घरी कधी रविवारी आले नाहीत.

धाकटी आईच्या खोलीत गेली. सावकाश.

"आई, मी आले."

आईने हात पुढे केला. गालावर ठेवला, कपाळावर, परत गालावर. बोट कोरडं राहिलं.

"आलीस," आई म्हणाली. "हडकुळी झालीस गं. तिकडे खायला देत नाहीत का?"

"देतात. तू किती हडकलीस ते बघ."

"मी आता खाते ना. आण काय आहे ते."

आई वाटीभर सूप प्यायली. मग अंडं. मग पाव. शेवटी वाटी बोटाने पुसली. धाकटी समोर बसून बघत होती. त्या दिवशी मला वाटलं, माझ्याइतकी भाग्यवान ट्यूब दुसरी नाही.

असे पाच रविवार गेले. सहा दिवस धाकटी पेन्सिलीचे सात डाग लावून आईची सेवा करायची आणि रविवारी, जादा काम आहे असं आईला सांगून, ते धुऊन थोरली व्हायची. आईच्या गालावर मांस आलं. नर्स म्हणाली, "बघा, बहीण आली आणि कशी पालवी फुटली. मी सांगत नव्हते?" पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. थोरलीशी आई तासन्‌तास बोलायची आणि बोलायची ती धाकटीबद्दल.

"ती बदललीय गं," आईने पाचव्या रविवारी सांगितलं. "जवळ येत नाही. तोंड चुकवते. माझं काही चुकलं का? पडून राहिले, ओझं झाले असेन तिला."

थोरलीच्या चष्म्याआडून धाकटीला हे ऐकावं लागलं. "तसं काही नसेल, आई," ती सावकाश म्हणाली.

"तू विचार तिला. दोघी एकदा एकदम या. माझ्यासमोर शेजारी शेजारी बसा. मग मी काही मागणार नाही."

एकीला पुढे आणायला मी दुसरीला आईपासून दूर केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पण ट्यूबेला कळून काय उपयोग?

पुढच्या गुरुवारी फार उकडत होतं. धाकटी आईला पाठीशी उशी देऊन बसवत होती. घामाने निथळली होती. दोन्ही हात आईच्या काखेत अडकलेले, चेहरा अगदी आईच्या चेहऱ्याजवळ. कोणतीही आई करेल तेच आईने केलं. चादरीचं टोक धरलं आणि लेकीचं तोंड पुसलं.

चादरीवर तपकिरी पट्टा उमटला.

आईने चादरीकडे पाहिलं. गालाकडे पाहिलं. मग चादरीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि हळूहळू पुसायला लागली. कानाजवळचे दोन. हाडावरचे तीन. जबड्यावरचा. शेवटी डोळ्याखालचा मोठा. धाकटी हलली नाही. तिने डोळे मिटून घेतले होते. पुसून झालं तेव्हा आईसमोर थोरलीचा चेहरा होता, अंगात पोस्टाचा गणवेश.

"मग रविवारी कोण येतं?" आईने विचारलं.

धाकटीने डोळे उघडले.

"थोरली कधी गेली?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा. मंगळवारी. दुपारी."

"दुखलं का तिला?"

"नाही. बसल्या बसल्याच."

 खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज. मग आईने विचारलं, "आणि तू रडलीस कधी?"

 पाच महिन्यांत धाकटी रडली नव्हती. तिला वेळच मिळाला नव्हता, ती रोज दोन माणसं होती. ती तिथेच आईच्या मांडीवर कोसळली. वाकताना मी खिशातून घरंगळले आणि चादरीवर पडले. आईने मला उचललं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं.

"याने घालवलेस?"

"हो."

"माझी एक गेली," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "आणि दुसरीला तू स्वतःच्या हाताने पुसत बसलीस."

तिने मला फेकलं नाही. उशाच्या खिडकीत ठेवलं. मी अजून तिथेच आहे.

दोन दिवस आईने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळं सांग. काय घातलं होतं तिने, डबा खाल्ला होता का, कोण होतं जवळ, दाजींना कोणी सांगितलं." धाकटीने सगळं सांगितलं, पंखा वळवून दिला होता तेसुद्धा. आई ऐकत होती आणि एकीकडे दुधात बुडवलेला पाव चावत होती. आता ती खाते. थोडं खाते. नर्स सांगते, वजन पुन्हा उतरतंय, आणि हृदयाचंही काही खरं नाही. तिने यावेळी आवाज चढवला नाही.

पण त्याहून वाईट गोष्ट नर्सच्या काट्यावर दिसत नाही. रोज सकाळी धाकटी चहा घेऊन खोलीत येते तेव्हा आई डोळे उघडते आणि तिचा चेहरा उजळतो. "थोरले, आलीस?" म्हणते. मग तिला आठवतं. दर सकाळी ती बातमी तिला नव्याने कळते. मी खिडकीतून ते बघते. एका म्हातारीची लेक एकदाच गेली होती, माझ्यामुळे ती रोज जाते. आई हल्ली बरेचदा डोळे मिटूनच बोलते. "बोल तू. पळत बोल, तुझ्यासारखी. ऐकलं की कळतं मला कोण आहेस."

धाकटीने कामावरून रजा घेतलीय. परवा तिने वेगळंच मांडलं. दुपारी स्टूल ओढून ती माझ्याजवळ, खिडकीत, उन्हात बसली. डावा गाल वर करून. कालही बसली. दोन तास. कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. मला काय वाटलं म्हणून सांगू? मला फक्त पुसता येतं. काढता येत नाही. डाग जायला अकरा आठवडे लागले, परत यायला किती लागतील ते माझ्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नाही.

"तिथे काय करतेस?" काल आईने विचारलं.

"काही नाही. ऊन खातेय."

"भाजून निघशील. टोपी तरी घाल."

"टोपी घातली तर कसा येईल?"

आईने तिच्या गालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणून बसलीस होय? वेडी कुठली. इकडे ये."

धाकटी उठून पलंगाच्या कडेला बसली. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डोळे मिटले नाहीत. उघडेच ठेवले.

"तुम्ही दोघी झालात तेव्हा अशाच होतात. कोऱ्या. एकीवरही एक खूण नाही. दवाखान्यातली नर्स सारखी विचारायची, ही कुठली, ती कुठली. मी म्हणायचे, थांब जरा, बघू दे. पंधरा दिवस लागले मला. मग अंधारातसुद्धा चुकले नाही." तिने श्वास घेतला, तो पुरेना तसा पुन्हा घेतला. "आता पंधरा दिवस आहेत की नाहीत माझ्याकडे, माहीत नाही. पण बघते. हलू नकोस. बघू दे नीट."

आज त्या बघण्याचा दुसरा दिवस. सकाळी चहा आला तेव्हा आई आधी थोरलीच म्हणाली. मग स्वतःच थांबली. धाकटी कप धरून उभी राहिली, घाई केली नाही. उन्हात तांबूस झालेल्या त्या गालाकडे आई फार वेळ बघत होती.

माझ्या पोटात अजून अर्ध्याहून जास्त मलम आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल. जरूर लावा, मी वाईट नाही. फक्त लावण्यापूर्वी तो चेहरा एकदा अशा माणसाला दाखवा, ज्याने तो वर्षानुवर्षं जवळून पाहिलाय. मला डाग आणि खूण यांतला फरक कळत नाही. त्याला कळेल.

मला आता कोणी उघडू नका. आई बघतेय. तिला बघू द्या.